तांबडीच्या वर

सुलेखा: काका, सुरुंगाची वायर जोडू नका! आधी विहिरीतून वर या.

सांडू: सुले, तू कॉलेजात दगडं शीक. विहिरी मी पाडतो. तांबडी माती फोडली की खाली काळा दगड, अन् पानी त्याच्यात.

सुलेखा: नाही काका. तांबडी लागली ना तळाला? बस. तिच्याखाली जायचं नाही.

सत्यभामा: अवो, पुतनी पहाटेच्या एसटीनं शहरातल्या औरंगपुऱ्याहून अजिंठ्याला आली. ऐकून तर घ्या. वस्तीतल्या बायांनी अजून किती दिस लोकाच्या विहिरीवर समद्यात शेवटी हंडा लावायचा?

सांडू: म्हनूनच तर घाई हाय! आज पानी नाय लागलं तर पंचायत काम बंद करनार. दगड उपसायची यारी उद्या दुसऱ्या गावाला जानार.

सुलेखा: सोमनाथमामांच्या विहिरीचं काय झालं? तांबडीवर गुडघाभर पाणी होतं. आणखी एक सुरुंग मारला अन् रातोरात विहीर कोरडी.

सांडू: तिला नजर लागली.

सत्यभामा: नजर! घरात पंचशील अन् तोंडात नजर?

सुलेखा: नजर नाही, माठाचं बूड फुटलं. काका, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एका दमात नाही आला. एकदा आला, ओढे अडवले, सगळं सपाट केलं अन् थिजला. मग हजारो वर्षं शांत. त्या काळात ऊन-पावसानं वरचा दगड कुजला, वाऱ्यानं राख आणली, पावसाचा गाळ खोलगटात साठत गेला. त्यावरून पुन्हा लाव्हा वाहिला, अन् खालची माती विटेसारखी भाजून निघाली. तीच ही तांबडी. ती पाणी खाली सोडत नाही.

सांडू: तू बघायला होतीस व्हय?

सुलेखा: नाल्याची कड तर तुम्ही रोज बघता! तिथं हीच तांबडी पट्टी आहे. मी उंची मोजली, या तळाएवढीच. अन् भर उन्हाळ्यात गवत कुठं हिरवं असतं?

सांडू: ...पट्टीच्या वर.

सुलेखा: म्हणजे पाणी तांबडीवर बसलंय. फक्त त्याची भेग आपल्या विहिरीत उघडत नाही. हातभर वर, डोंगराच्या अंगाला आडवं बोअर मारा.

सांडू: अन् नाय लागलं तर? लोक म्हनतील, सांडूनं पोरीचं ऐकून वस्तीची विहीर घालवली.

सुलेखा: मग माझं नाव सांगा. मी इथंच उभी राहते.

सत्यभामा: घ्या! आता तरी वायर काढा.

(वायर निघते. आडव्या बोअरचं यंत्र यारीनं विहिरीत उतरतं. सांडू यंत्रावर, दोघी काठावर.)

सांडू: धुरळा! निस्ता कोरडा धुरळा!

सुलेखा: अजून एक पाइप जोडा!

सत्यभामा: लई वाकू नगंस गं, आत पडशील.

सुलेखा: काकू, मी चुकले असले तर?

सत्यभामा: चुकलीस तर चुकलीस. लोकाची बोलनी मी ऐकीन, मला लई सवय हाय. पन ते गवत मी बी बघितलंय.

सांडू: ए सुले! धुरळा बसला गं! चिखल यायलाय!

सुलेखा: थांबू नका काका! आत घाला!

सांडू: आलं! आयला, छातीवरच आलं! मनगटाएवढी धार हाय! यंत्र वर घ्या रे, जल्दी! जय भीम! जय भीम!

सत्यभामा: अगं बायांनो, हंडे घिऊन या गं! पानी लागलं! आपल्या विहिरीला! आपल्या!

सुलेखा: काका, पाणी खाली मुरतंय का? नीट बघा.

सांडू: थेंब नाय मुरत. तांबडीवर चढायलंय. घोट्याला आलं... माझी चप्पल तरंगायली की!

सत्यभामा: रडतीस काय, येडे? जिंकलीस तू! हस की!

सुलेखा: हसतेच आहे काकू.

सांडू: सुले...

सुलेखा: काय काका?

सांडू: दुसरं बोअर कोन्या अंगाला मारू?