ताईंच्या जागी उद्या कोण?

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. संचालक मंडळातर्फे आलेल्या प्रमुख पाहुण्या बाईसाहेब. आमच्या मेट्रन मॅडम. आजच्या सत्कारमूर्ती, स्त्रियांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, ज्यांना आम्ही सगळ्या नुसतं ताई म्हणतो. ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. आणि समोर गणवेशातच येऊन बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, मावश्यांनो, सर्वांना नमस्कार.

मला सांगण्यात आलंय की थोडक्यात बोल आणि गोड बोल. थोडक्यात बोलणं भागच आहे, कारण माझा वॉर्ड मी शेजारच्या सिस्टरच्या गळ्यात घालून आलेय आणि तिच्याकडे आधीच दोन आहेत. गोड बोलायचं मात्र जमेलसं वाटत नाही.

माझ्याआधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. ताईंनी कामाला कधी नाही म्हटलं नाही. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण कधीच नाही न म्हणणारं माणूस नेमकं कोणाच्या सोयीचं असतं? रुग्णालयाने ताईंना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मघाशी भाऊजी हळूच मला म्हणाले, "हे घड्याळ ऑफिसात लावायला सांग, गरज तिकडे आहे." भाऊजी, तुम्ही हसत हसत म्हणालात, पण मला हसू आलं नाही. आज निवृत्तीचा निरोप आहे म्हणतात. ताई आज खरंच घरी जाणार आहेत का, एवढंच मला विचारायचंय.

पाहुण्या बाईसाहेबांना आमची रीत कदाचित माहीत नसेल. पाळी संपली की जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन एकेका खाटेपाशी जाते. हिचं सलाईन कधी लावलं, हिला चक्कर येते, हिला एकटीला उठू देऊ नको, असं सगळं सांगते. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ओव्हर घ्यायला कोणी आलं नाही तर जाणारीने जायचं नाही. रीत चांगली आहे, आणि ताईंनी ती आमच्या अंगात भिनवली. फक्त ती आमच्याइतकीच ऑफिसलाही पाठ झाली. सिस्टर वॉर्ड उघडा टाकून जात नाही, हे एकदा कळल्यावर पुढची सिस्टर पाठवायची घाई कोण करेल? फोन येतो, "ताई, तेवढं बघून घ्या." झालं. एक पाळी संपते, तिच्याच पोटातून दुसरी निघते.

त्या सकाळचं आज कोणी बोललं नाही. मी बोलते. ताई आदल्या सकाळपासून वॉर्डात होत्या. पाळीमागून पाळी गेली, बदली कोणी आलं नव्हतं. येणाऱ्या सिस्टरला परस्पर अतिदक्षता विभागात पाठवलं होतं आणि ताईंना निरोप होता, येतंय कोणीतरी. मग ताई उठल्या आणि त्यांनी ओव्हर दिली. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत, प्रत्येकीपाशी थांबून, सगळं नीट सांगत. खिडकीजवळच्या पेशंट बाई बघत होत्या. त्या नंतर आमच्या मावशींना म्हणाल्या, "सिस्टर शेजारी बघून बोलत होत्या, पण शेजारी कोणीच नव्हतं. मला वाटलं, फोनवर बोलतायत." ओव्हर देऊन झाली. ताईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या.

ज्या आजींना एकटीला उठू देऊ नको म्हणून ताईंनी त्या रिकाम्या जागेला बजावलं होतं, त्या आजी थोड्या वेळाने एकट्या उठल्या. मावशी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या खाटेवरून उठल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांचं सगळं ताईंनी केलं, आणि आजी ताईंना बाळ म्हणत राहिल्या.

चौकशी झाली. ओव्हर कोणी घेतली, एवढंच विचारलं गेलं. कोणीच घेतली नव्हती. म्हणजे दोष ओव्हर देणारीचा. घ्यायला कोणाला पाठवलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांनी ती मान खाली घालून घेतली. अजूनही चहा पिताना मधेच त्या मला म्हणतात, "मी दिली होती गं ओव्हर. कोणाला दिली तेच आठवत नाही."

ताई, आज सगळ्यांसमोर सांगते. कोणालाच नाही दिलीत. तिथे कोणी नव्हतं. कोणीतरी असायला हवं होतं, आणि ते माणूस तिथे ठेवणं तुमचं काम नव्हतं. मला याचा फार राग येतो, ताई. तुम्हाला येत नाही, म्हणून तुमच्या वाटचाही मलाच येतो.

अध्यक्ष महाशय, काल आपण ताईंना केबिनमध्ये बोलावलंत. भरती होईपर्यंत रोजंदारीवर येत जा म्हणालात, आणि ताई हो म्हणाल्या. हे खोटं असेल तर आपण आत्ता सांगावं, मी इथेच थांबते. आपण पाण्याचा ग्लास उचललात, म्हणजे खरंच असावं.

भाऊजी, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, तुम्हाला घरी हे कळलेलं नाही. माफ करा, माझ्या तोंडून कळलं.

ताई, उद्या येऊ नका. तुम्ही आलात की जागा भरलेली दिसते, आणि भरलेली जागा कोण भरेल? पेशंटचे हाल होतील, मला दिसतंय. पण अशाच भीतीवर आपल्याला सगळ्यांना इतकी वर्षं बसवून ठेवलंय. तुम्ही आलात तर मी वॉर्डच्या दारात उभी राहीन आणि तुम्हाला आत घेणार नाही. तुमच्याशी असं बोलायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. ते जमणार नसेल तर ताकीद माझ्या नावाने काढावी. मला आता वॉर्डात जायला हवं. अध्यक्ष साहेबांना एकच विनंती. समारंभ संपवून आपण गाडीत बसाल, त्याआधी सकाळच्या पाळीला ताईंच्या जागी कोण येणार, त्या बाईचं नाव तेवढं इथे माइकवरून सांगून जावं.