तीन वर्षांची मुदतवाढ

जावई : सही केलीत ना? एवढंच सांगा. हो की नाही?

सासरे : आधी चहा घ्या. गार होतोय.

जावई : चहा राहू दे. शुक्रवारी तुम्ही मॅनेजरच्या केबिनमधून पेन खिशाला लावत बाहेर आलात, ते अख्ख्या ब्रेक-खात्यानं पाहिलंय.

सासरे : केली. तीन वर्षांची मुदतवाढ. पुढं?

मुलगी : अण्णा! आम्हाला न सांगता?

सासरे : माझी नोकरी. त्यासाठी तुमची परवानगी काढायची होती?

जावई : नोकरी तुमची, पण जागा माझी होती. बस-डेपोत भरती बंद आहे. एक जुना माणूस निवृत्त होईल तेव्हाच एक कंत्राटी कायम होणार, हे तुम्हीच मला सांगितलंत, याच खुर्चीत बसून. तेव्हापासून तुमच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसलोय.

सासरे : माझ्या निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला जावई मिळाला. भाग्यच माझं.

मुलगी : टोमणे नकोत. महिनाअखेर याचं कंत्राट संपतंय. तुम्ही जागा सोडली नाहीत तर ते वाढवणार नाहीत. ठाऊक होतं ना तुम्हाला?

सासरे : ठाऊक होतं.

मुलगी : आणि तरी?

सासरे : आणि तरी. आत तुझी आई झोपलीय. तिच्या गोळ्यांचा भाव एकदा दुकानात जाऊन विचार. मी नोकरीला लागलो तेव्हा ही पेन्शन म्हणजे राजेशाही वाटायची. घर चालवून वर वर्षातून एकदा कुठंतरी फिरून आलो असतो. आता तेवढ्यात भाडं भागेल आणि गोळ्या येतील. जेवायचं काय? पेन्शन आहे तिथंच आहे, भाव कुठल्या कुठं गेले.

जावई : म्हणून तर माणसं बचत करतात.

सासरे : केली की! पगारातून दर महिन्याला, एकही खाडा नाही. बँकेत टाकले आणि विसरलो.

जावई : तेच म्हणतोय मी. विसरलात. ब्रेक झिजतात, ते पुन्हा पुन्हा तपासायचे, हे मला शिकवणारे तुम्ही. पैसा झिजत नाही होय? व्याज निम्म्यावर आलं, महागाई वाढतच गेली, आणि तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत.

सासरे : पाहून काय केलं असतं? वंगण घातलं असतं? आपल्या डेपोतला तो टायरवाला, तो रोज पाहायचा, मोबाईलवर. सगळा फंड शेअरबाजारात. बाजार चढला तेव्हा खातंभर शहाणपण वाटत हिंडला. पडला तेव्हा या वयात रखवालदारी धरली. ज्यानं पाहिलं तोही बुडाला आणि नाही पाहिलं तोही.

जावई : तुमच्याकडे बुडायला काहीतरी होतं तरी. कंत्राटी माणसाला ना फंड ना पेन्शन. आत्ता कायम झालो तर म्हातारपणापर्यंत चार पैसे जमतील. चाळिशी उलटल्यावर सुरुवात करून काय जमणार? तुमची तीन वर्षं म्हणजे माझं सगळं म्हातारपण आहे, अण्णा.

सासरे : तुमचं म्हातारपण यायचंय. माझं आलंय.

मुलगी : मॅनेजर मात्र मजेत असेल. मुदतवाढीच्या माणसाचा फंड भरावा लागत नाही, आणि कंत्राटी काढला की त्याचा पगार वाचतो. डिझेल महागलं, गाड्या रिकाम्या धावताहेत, ते सगळं तुम्हा दोघांच्या मानेवर. आणि तुम्ही एकमेकांच्या उरावर बसलाय!

सासरे : तू नवऱ्याची बाजू घेणारच. लग्न झालं की बाप परका.

मुलगी : हे लागलं हं मला, अण्णा.

जावई : राहू दे. हवीय ना त्यांना जागा, घेऊ देत. पण अण्णा, मी गेल्यावर तुमच्या मागून गाड्या कोण बघणार?

सासरे : माझ्या मागून? म्हणजे?

मुलगी : नको. तू बोलणार नव्हतास.

जावई : आज बोलतो. ब्रेकमधली फट तुम्ही पट्टीनं मोजतच नाही. बोटानं अंदाज घेता आणि पुढच्या गाडीकडे जाता.

सासरे : उभा जन्म यात गेलाय या हाताचा. पट्टी कशाला हवी?

जावई : गेल्या वर्षी तुम्ही पास केलेल्या गाडीचा मागचा ब्रेक एका बाजूला लागतच नव्हता. शाळेच्या फेरीची गाडी होती ती. तेव्हापासून तुम्ही घरी गेलात की मी गाड्यांखाली शिरतो आणि सगळं परत लावतो.

सासरे : खोटं बोलतोस तू!

जावई : आज घरातही ‘तू’? खात्यात ‘तू’ आणि घरात ‘तुम्ही’, हा नियम तुमचाच होता.

सासरे : काय गं, खरं आहे हे?

मुलगी : रोज उशिरा येतो तो. भांडले मी त्याच्याशी. म्हणाला, थोडे दिवस राहिलेत, अण्णांना मानानं निवृत्त होऊ दे.

(आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो.)

सासरे : कुठल्या गाड्या?

जावई : सोडा ना आता.

सासरे : कुठल्या, विचारतोय.

जावई : सगळ्या.

सासरे : वर्षभर सगळं खातं माझ्या पाठीमागं हसत असेल.

जावई : कुणालाही माहीत नाही.

सासरे : म्हणजे, तू मॅनेजरच्या कानावर घातलं असतंस तर जागा तेव्हाच मिळाली असती तुला.

जावई : हो.

सासरे : तोंड शिवलं होतं?

जावई : तेव्हा शिवलं होतं. उद्या उघडणार आहे. सही मागे घेतली नाहीत तर सकाळी पहिलं काम तेच.

मुलगी : माझ्या बापाची चहाडी करशील? तू?

जावई : गाडीत माणसं बसतात.

सासरे : तू मधे पडू नकोस. बरोबर बोलतोय तो. याचं तोंड बघायची इच्छा नाही मला, पण बरोबर बोलतोय. त्या मॅनेजरला फोन लावून दे मला.

मुलगी : आणि आईच्या गोळ्या?

सासरे : लाव म्हटलं ना. मला आकडे दिसत नाहीत गं. पट्टीवरचेही.