जबल शम्सवरची निळी ताडपत्री

नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या पेटीतला, त्याने मला बर्फापासून तंबू कसा वाचवायचा ते शिकवावं? आणि वर म्हणायचं काय, तर "अल्फिया, तुझ्यापेक्षा तीस पावसाळे जास्त पाहिलेत गो मी." कुठे पाहिलेत? अठ्ठावीस वर्षं अब्बांनी इथे आखातात, रुवीच्या बाजारात काढली, जिथे चार थेंब पडले तर लोक गाडी थांबवून व्हिडिओ काढतात. पण अब्बांचे पावसाळे न पडताही वाढत राहतात, त्याला कोण काय करणार!

तुम्हाला सांगते, पर्यावरणशास्त्रात पदवी घेतलीय मी, कुणाच्या ओळखीवर नाही. प्राण्यांची पाहणी करणाऱ्या एका संस्थेने मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. काम एकच, जबल शम्स या डोंगरावरच्या पाणवठ्याला तहर येते का बघायचं आणि तिचा फोटो काढायचा. तहर म्हणजे डोंगरातली रानबकरी, इतकी लाजरी की आमचे साहेब, मुस्तफा, त्यांनी सहा वर्षांत दोनदा पाहिली, दोन्ही वेळा पाठमोरी. फोटो मिळाला तर नोकरी पक्की. नाही मिळाला तर... घरात ठरलेलंच होतं, अब्बांच्या दुकानात काउंटरवर बसायचं. ताडपत्री, काथ्या, नायलॉनचा दोर. तीन पिढ्यांचा धंदा, रत्नागिरी ते रुवी.

तर संस्थेने मला लपून बसायला तंबू दिला. शिकारी वापरतात तसला, पट्टी ओढली की फट्कन फुगतो, भिंतीला बुक्की मारली की आडवा होतो. तो एकाच जागी दिवसच्या दिवस उभा ठेवायचा, म्हणजे जनावराला वाटतं दगड आहे. आता दगडासारखं राहायचं तर गप्प राहायला हवं की नको? पण "मुलगी एकटी डोंगरावर?" म्हणून दुकान माझ्या भावावर, तौहीदवर टाकून अब्बा हजर, आणि अब्बांबरोबर त्यांचे मित्र जयप्रकाश काका. पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, मदिनत सुलतान काबूसला मुलाकडे राहतात, सून स्वयंपाकघरात लुडबुड करू देत नाही म्हणून रोज अब्बांच्या दुकानात येऊन बसतात. अकरा दिवस, तुम्हाला सांगते, अकरा दिवस मी तंबूत श्वास रोखून बसलेय आणि बाहेर गाडीशी हे दोघे स्टोव्हवर खिचडी टाकतायत. "रशीदभाई, मीठ?" "एक किलो आणलंय, लागेल तेवढं घ्या."

बाराव्या दिवशी मुस्तफांचा मेसेज आला, दुपारी बर्फ आहे, जोराचा, तंबू सांभाळ. मी सगळं वाचून ठेवलं होतं हो. छत सपाट असतं, त्यावर बर्फ साठला की ते आत येतं आणि काड्या मोडतात. म्हणून आतून मधोमध काठीचा टेकू द्यायचा, म्हणजे छताला उतार मिळतो. दर दहा मिनिटांनी आतून टपली मारून बर्फ झाडायचा. वर काहीही अंथरायचं नाही. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर भिंतीला बुक्की मारून तंबू आडवा करायचा, आडवा पडलेला मोडत नाही. चार गोष्टी. चौथीतल्या पोराला कळतील.

आणि नेमक्या थंडीने कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या मेल्या. खालच्या गेस्ट हाउसला जाऊन चार्ज करायच्या, दीड तास. मी टेकू लावला, कॅमेरा तंबूतच ठेवला, त्या दोघांना समोर उभं केलं आणि चारही गोष्टी दोनदा सांगितल्या. काका म्हणतात, "अगं, बर्फाचं आम्हाला सांगतेस? ब्याऐंशी साली मनालीला गेलो होतो मी." अब्बा म्हणतात, "जा तू. तुझ्यापेक्षा तीस पावसाळे..."

गेले मी. चूक माझीच.

परत येते तर काय? तंबूच्या जागी निळं तळं. अब्बांनी ताडपत्री घातली. दुकानातली, सगळ्यात जाड. रत्नागिरीला मे महिन्याच्या शेवटी घराच्या पडवीवर बांधतात तशी, चारी कोपरे ताणून, दगड ठेवून, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून अगदी खाली, छताला चिकटवून. एक खुंटी कमी पडली तेव्हा तिच्या जागी काय वापरलं असेल? माझी टेकूची काठी. आधी गारा साठल्या, मग बर्फ. ताडपत्रीला पोट आलं. तेव्हा काकांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, "वितळेल." वितळलं, आणि वाहून जायला वाटच नाही म्हणून तिथेच साचलं, त्यावर आणखी बर्फ. मग काकांना आठवलं की परदेशात रस्त्यावर मीठ टाकतात. उरलेलं अख्खं पाकीट. मग काड्यांचा आवाज आला, म्हणे, "बांगडी फुटल्यासारखा," आणि दोघे गाडीत हीटर लावून बसले.

मी ओरडायला तोंड उघडलं. आणि ती आली.

तहर. खरी. पंधरा पावलांवर. कड्यावरून उतरली, इकडेतिकडे बघितलं, आणि त्या ताडपत्रीवर पुढचे दोन पाय ठेवून मीठ चाटायला लागली. शांतपणे. समोरून. मी हातात दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या घेऊन उभी, आणि कॅमेरा कुठे? तिच्या पायाखाली. असं रडू फुटलं मला, तेसुद्धा आवाज न करता रडावं लागलं.

गाडीच्या काचेतून अब्बांनी मोबाइलवर फोटो काढला. एकच. लखलखीत. मी डोळे पुसेपर्यंत तो रत्नागिरीच्या सगळ्या ग्रुपवर पोचला होता.

तरीही मला वाटलं हो... फोटो तर आहे. ऑफिसात मुस्तफा तो बघून खूश झाले, साहेब म्हणून पहिल्यांदा हसले. मग जवळ धरून बघितलं. "ही चाटतेय काय?" मी म्हटलं, बर्फ. आणि माझ्याबरोबर, कुणी बोलावलं नसताना आलेले जयप्रकाश काका छाती काढून म्हणाले, "सॉल्ट, सर. आयडिया माझी." आमिष लावून काढलेला फोटो पाहणीत चालत नाही. करारातल्या पहिल्याच पानावरचा नियम, खाली माझी सही. वर मोडलेला तंबू. मुस्तफांनी कराराचा कागद मिटला आणि हळूच म्हणाले, "खलास, बिंती." बिंती म्हणजे माझी मुलगी, त्यामुळे भांडतासुद्धा येईना.

तर आता मी काउंटरवर. डोक्यावर भिंतीला तोच फोटो, मोठा करून, फ्रेम लावून. तहर, निळी ताडपत्री, कोपऱ्यात अब्बांचं बोट. गिऱ्हाइकांना सांगतात, "रानातलं जनावर उभं राहिलं, तरी फाटली नाय." खोटं कुठे आहे त्यात? ताडपत्री खरंच फाटली नाही.

परवा माबेलाहून नूतन म्हणून एक बाई आल्या, मुलांना घेऊन डोंगरावर मुक्कामाला चालल्या होत्या. विचारलं, "तंबूवर घातली तर बर्फात टिकेल का हो?" मी उभी राहिले. म्हटलं, ऐका, वर काहीच घालू नका, आतून टेकू द्या, दर दहा मिनिटांनी... बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"बरं... पण कुणी मोठं माणूस आहे का दुकानात?"

मी खुर्ची सोडली आणि हाक मारली, "अब्बा, गिऱ्हाईक आलंय, बर्फाचं विचारतायत." काय करणार? फोटो त्यांनीच काढलाय.