मोहरीएवढे मणी आणि दाराबाहेरची खुर्ची

नाही, पण मला सांगा, राखणदारानं राखण करायची नाही तर काय करायचं? अकरा वर्षं... तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी त्या तळघरातल्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, का, तर आत आमच्या बाईंचा प्रयोग, आणि जिन्यावर कुणी पाय आपटला तरी तो बिघडतो. मी काय, मी आपला खुर्चीत बसलेला.

प्रयोग म्हणजे आत सोन्याचे दोन मणी, मोहरीएवढे, एक केसाहून बारीक तारेला टांगलेला, दुसरा त्याच्या शेजारी. म्हटलं, बाई, एवढ्याशात बघायचं काय? तर त्या हळू आवाजात, "अहो काका, ग्रहताऱ्यांचा कायदा वेगळा, अणूंचा वेगळा, शंभर वर्षं दोघांचं जमत नाही. मोठी वस्तू दुसरीला ओढते, ते ठाऊक आहे. इवलीशी किती ओढते? ते मोजता आलं तर दोघांना एका घरात आणायची वाट सापडेल कदाचित." म्हटलं, माझ्या आईला आणि बायकोला आणलं होतं एका घरात, बघा बुवा... बाई हसल्या. तशा त्या फार हसायच्या नाहीत.

पण आकडा काही ठरेना, सारखा डुगडुगायचा. बाईंनी रस्त्यावरच्या बस हिशेबात धरल्या, गच्चीवरची पाण्याची टाकी धरली, बाहेरचं झाड पानं गळून हलकं होतं तेसुद्धा धरलं, स्वतः तर तिथं फिरकेनात, वरून पडद्यावर बघायच्या. आणि मी? मी आपला खुर्चीत बसलेला, पाठ अवघडली की इकडे सरक, पायाला मुंग्या आल्या की तिकडे सरक.

मग बाईंना तो आजार. संध्याकाळी मशीन बंद झालं, ड्युटी संपली, की दवाखान्यात जायचो. डोळे मिटूनच विचारायच्या, "काका, आला का आकडा?" म्हणायचो, येईल की, मी आहे ना तिथं.

मंगळवारी सकाळी मशीन चालू केलं आणि फोन आला, बाई गेल्या. मशीन चालूच ठेवून सगळे तसेच निघालो पोचवायला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर आकडा आलेला, स्वच्छ, दिवसभर हललेला नाही. बाईंचा असिस्टंट एकदा खुर्चीकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. "काका, वजन किती तुमचं?" म्हटलं, ब्याऐंशी. डोकं धरून खालीच बसला. "भिंतीपलीकडून तुम्हीच ओढत होतात त्याला... सगळं मोजलं हो, तुम्हाला मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

एक रजा... ताप होता तेव्हा एक रजा घेतली असती तर बाईंनी डोळ्यांनी बघितला असता तो आकडा.

परवा साहेबांनी सगळ्यांसमोर बोलावून प्रमाणपत्र दिलं, अकरा वर्षांत एकही रजा न घेतल्याबद्दल. टाळ्या वाजल्या. मी काय... घेतलं, आणि येऊन आपला खुर्चीत बसलो. आता ती फाटकाबाहेर असते.