नाडीची गाठ

(खामगाव, १९३८. सकाळची ओसरी. सहा वर्षांच्या कोकिळेची आई गीता पत्र लिहीत आहे. आजी मनकर्णाबाई कापसातली सरकी काढत बसल्या आहेत.)

गीता : ...‘तापानंतर उजवा हात लुळा पडला. स्वतःचं काहीच करू शकत नाही.’ झालं. शाळेच्या बाईंनी विचारलं तेवढं लिहिलं.

मनकर्णाबाई : काहीच? पोरगी हाय का गाठोडं?

गीता : सासूबाई, जिला स्वतःचं पाहता येत नाही तिला घेणार नाहीत. पण खोटं कसं लिहू?

मनकर्णाबाई : मंग खरं लिही ना! पाणी?

गीता : सांडते.

कोकिळा : थोडंसंच! अन् मीच पुसते.

मनकर्णाबाई : जेवण?

गीता : मी भरवते.

मनकर्णाबाई : तू भरवतं म्हून. परवा तू हळदीकुंकवाले गेली, तवा दीड भाकर खाल्ली तिनं.

गीता : डाव्या हातानं?

मनकर्णाबाई : उजवा झोपला, त डाव्यानं काऊन उपाशी राहावं?

गीता : आणि वर्गात परकराची नाडी सुटली तर?

कोकिळा : आजी, दाखवू?

मनकर्णाबाई : दाखव वं माय.

कोकिळा : हे टोक दातात... हा फेरा... अन् ओढलं!

गीता : अगं! हे कधी शिकलीस?

कोकिळा : दिवाळीच्या आधी.

गीता : मला नाही सांगितलंस?

कोकिळा : तू रडतेस ना.

मनकर्णाबाई : रडतं, अन् मंग तिनं बांधलेली गाठ सोडून तूच पुन्हा बांधतं.

गीता : ...वेणी?

कोकिळा : वेणी नाही येत. तिले दोन हात लागतात.

मनकर्णाबाई : मले दोन हायेत, पण खांदा वर जात नाही. माहा अंबाडा कोण घालते?

गीता : मी.

मनकर्णाबाई : म्हंजे मले बी शाळेत घेत नाहीत आता!

गीता : हसवू नका हो. थांबा, दुसरा कागद घेते. ‘पाणी, जेवण, नाडी : स्वतः करते, वेळ लागतो. वेणी घरून घालून पाठवू. पाटी कोणी धरली तर लिहिते.’

कोकिळा : पाटी मी पायानं धरते.

गीता : पायानं? पाटी म्हणजे सरस्वती ना गं!

कोकिळा : आधी नमस्कार करते मी.

गीता : ...बरं. ‘पाटीही स्वतः.’ कोकी, नाडी सैल झालीय बघ.

कोकिळा : हो. बांधते.

मनकर्णाबाई : सूनबाई, उठली काऊन?

गीता : कुठं उठले? दौतीचं झाकण शोधतेय.