भिंतीवर टांगायची वीणा

तंजावुरात कानाच्या डॉक्टरांकडे शेंबगम आपल्या नंबराची वाट पाहत होती. मागच्या बाकावर वीणा घडवणारे वृद्ध वडिवेल आणि त्यांची लेक बसली होती.

"अप्पा, हॉटेलवाले बाराही वीणा आजच मागतायत."

"बाराव्या वीणेचा वरचा सूर मला ऐकूच येईना. ती देणार नाही."

"सूर मोजायचं यंत्र लावून दांडीवरचे पडदे बसवा की!"

"मेणात पडदा कान बसवतो, यंत्र नाही."

"चारदा मेण वितळवलंत! शोभेला टांगणार ती. भिंतीलाच कान असले तर असतील!"

"कुणी एकदा जरी काढून छेडली तर?"

"सगळी ऑर्डर जाईल, अप्पा."

"जाऊ दे."

शेंबगमचं नाव पुकारलं गेलं. ती मागे वळली.

"आजोबा, आधी तुम्ही जा."