मागच्या बाकड्यावरचं वजन

अनुपमा : मामा, अ‍ॅक्सिलेटरवरनं पाय काढा. चाकं जागेवरच फिरतायत.

मारुतराव : फिरू दे. उसाच्या रानातनं भरल्या ट्रॉल्या काढल्यात म्या. ह्यो तर नुसता पांढरा चिखल.

साखरबाई : आपल्या चिखलात चाकाखाली पाचट तरी सारता येतं. हितं काय सारता, तुमचा फेटा?

मारुतराव : तू गप बस. काच लाव आधी.

साखरबाई : लावलीय. थंडी पत्र्यातनं येतीय. निघायच्या आधी जीपला हार घातला, नारळ फोडला, तेवढ्यात पत्र्याची भोकं बुजवून झाली असती.

अनुपमा : मामा, खरंच थांबा. जेवढं रेटाल तेवढा खालचा बर्फ गुळगुळीत होतोय. आणि मला आज संध्याकाळच्या आत दवाखान्यात हजर व्हायचंय. नाही झाले तर नर्सची नेमणूक गेली.

मारुतराव : गेली तर गेली. खुटबावात काय कमी हाय तुला? तुझ्या नवऱ्याला, ज्ञानेशला, कंपनीत पगार हाय, घरात गोठाभर दूध हाय. तिथनं उठून हिमाचलात लोकांना सुया टोचायच्या.

अनुपमा : हे तुम्ही आत्ता, घाटात बोलताय. मी रेल्वेचं तिकीट काढलं होतं. ते रद्द कुणी करायला लावलं?

मारुतराव : मग काय करू? गावातला पोपटराव चार माणसांत म्हणला, मारुतरावांची सून एकटीच चालली परमुलखात, घरात कुणी पोचवायला न्हाई वाटतं. म्हणलं, थांब. माझ्या जीपनं, माझ्या हातानं पोचवतो.

साखरबाई : मग पोचवा की. पोपटरावाला हितलं दिसत न्हाई म्हणून बरं.

अनुपमा : आत्या, जरा सरका, बाजरीचं पोतं माझ्या पायावर आलंय. मामा, ऐका. ह्या गाडीचा सगळा जोर मागच्या चाकांना. पुढची चाकं नुसती वळायला. आणि मागं आहे काय? रिकामी बाकडी. बाजरी, कांद्याची गोणी, तांदूळ, सगळं इथं मधे, आम्हा दोघींच्या अंगावर.

मारुतराव : मागच्या दाराची कडी लागत न्हाई. चोरी झाली म्हंजी?

साखरबाई : ह्या बर्फात बाजरी चोरतंय कोण? राजस्थानापासनं माणसावानी मांडी घालून बसले न्हाई मी.

अनुपमा : खाली चहाच्या टपरीवर तो टॅक्सीवाला चाकांना बांधायच्या साखळ्या देत होता. तुम्ही काय म्हणालात त्याला?

मारुतराव : म्हणलो, आमच्यात साखळी कुत्र्याला बांधत्यात.

अनुपमा : तो बिचारा हसला. मग मला म्हणाला, निदान मागं वजन टाका आणि दुसऱ्या गिअरात हळू काढा. मी तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, बायकांनी गाडीतलं शिकवू नये.

मारुतराव : आता ते उगाळू नकोस. मी सांगतो काय करायचं. माघारी फिरायचं. उतार हाय, गाडी आपसूक निघंल.

अनुपमा : उतारानं निघेल ती थेट दरीत.

मारुतराव : मग रस्ता साफ करणारं मशीन येऊस्तोवर बसू.

अनुपमा : ते उद्या आलं तर? मामा, एक विचारू? मी पोचूच नये असं वाटतंय का तुम्हाला?

साखरबाई : बोला की. गावात तर माईक हातातनं सुटत न्हाई.

मारुतराव : तू गेलीस म्हंजी वरीसभरात ज्ञानेश बी मागनं येणार. निघतानाच विचारत हुता मला, तिकडं कंपन्या हायत का म्हणून. मग एवढ्या घरात हिच्या तोंडाकडं बघत बसू का मी?

साखरबाई : माझं तोंड तरी गावंल तुम्हाला. मला तीस वर्सं तुमची पाठच दिसलीय.

अनुपमा : हे सरळ घरीच बोलायचं होतं, मामा. त्यासाठी गाडी कशाला रुतवायची?

मारुतराव : रुतवली न्हाई. रुतली. त्यात माझी चूक न्हाई.

अनुपमा : बरं, रुतली. मी मात्र जाणार. चालत जावं लागलं तरी जाणार. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आत्या, उतरा. पोती मागं टाकू.

(मागचं दार करकरत उघडतं. पोती ओढल्याचे आवाज. जीप पुन्हा सुरू होते, थोडी पुढे सरकते, थांबते.)

अनुपमा : चाकांनी पकड धरली होती थोडी. अजून वजन पाहिजे मागं.

साखरबाई : आता वजन एकच उरलंय. स्टेअरिंगला धरून बसलंय.

मारुतराव : मी? मागं? आन् चालवणार कोण?

अनुपमा : मी.

मारुतराव : तुला काय येतंय?

साखरबाई : दोन वर्सं चालवतीय ती. तुम्ही शेजारच्या बाळासोच्या गाडीतनं तळेगावच्या बाजाराला जायचा, तवा आम्ही ह्याच जीपमधनं गुरांचा घास आणायचो. ज्ञानेशनंच शिकवलं.

मारुतराव : माझ्या जीपमधनं? आन् मला पत्ता न्हाई?

साखरबाई : डिझेल लई खाती म्हणून मेकॅनिकला शिव्या घालायचा की तुम्ही. आम्ही दोघी चुलीपाशी हसायचो.

मारुतराव : ते काय बी असू दे. मागच्या बाकड्यावर मी बसणार न्हाई. सोसायटीचा चेअरमन हुतो मी.

अनुपमा : मग तिथं कोण बसतं, मामा? आत्या बसल्या. खुरपायला येणाऱ्या ताईबाई, त्यांची मुलगी दीक्षा, त्या बसल्या. निवडणुकीत मतं आणायला एकेका बाकड्यावर सहा-सहा माणसं कोंबलीत तुम्ही. तेव्हा ते बाकडं चांगलं होतं. आज गाडीला तुमचं वजन पाहिजे, तर वाईट झालं?

साखरबाई : चला हो. मी हाय की संगं. ह्या लोखंडी दांडीला धरायचं. खड्डा आला की जरा उठायचं, म्हंजी कंबर वाचती.

मारुतराव : खुटबावात कुणाला सांगायचं न्हाई.

साखरबाई : पोपटरावाला तर मुळीच न्हाई.

अनुपमा : बसलात? घट्ट धरा. निघते मी.

मारुतराव : हळू. क्लच हळू सोड. ब्रेकला पाय लावू नको.

अनुपमा : मामा.

मारुतराव : बरं, न्हाई बोलत.

साखरबाई : हलली. हलली बघा.

मारुतराव : धरली चाकांनी. पण हितनं पुढचं कायच दिसंना. नुसता मागं गेलेला रस्ता दिसतोय.

साखरबाई : तेवढाच दिसतो.

मारुतराव : मग कुठं आलो हे तुला कसं कळायचं?

साखरबाई : न्हाई कळायचं. गाडी थांबली की उतरायचं.

मारुतराव : विचारायचं की मला.

साखरबाई : पहिल्या वर्सी विचारलं हुतं.

मारुतराव : अनुपमा.

अनुपमा : काय मामा?

मारुतराव : पुढं काय दिसतंय ते जरा मोठ्यानं सांगत जा. तुझ्या आत्याला बी ऐकू येऊ दे.